भोपळा देशाला किती गुण

जगात लोकशाही बुडत चालली आहे आणि त्यावर आमचं पोट चालतं. आमच्या केंद्रात हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण आहे ते आहे. कुठल्या तरी देशात कुणी तरी संसदेला कुलूप ठोकतं आणि इकडे मिनेसोटात, टॅमरॅक फॉल्सच्या विद्यापीठात, आमच्या फोनला दिवसभर उसंत नसते. पत्रकार विचारतात, परिस्थिती कितपत गंभीर आहे. आम्ही घसा साफ करून सांगतो, फारच गंभीर आहे. मग फोन ठेवून जेवायला जातो. तुम्हाला वाटेल, अशी माणसं सुतकी चेहऱ्यानं वावरत असतील. छे, लोकशाहीच्या ऱ्हासाचे अभ्यासक इतके मजेत असतात की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

आम्ही पाच जण. आल्विन केटलसनला मतमोजणीच्या पद्धतींचं वेड. आर्डिस बिक्सबीचा जीव प्राचीन अथेन्समध्ये अडकलेला, ती नाइलाजानं आमच्या काळात पगार घेते. नोएमी थिबोदो कॅनडातून, न्यू ब्रन्सविकहून आलेली, वयानं सगळ्यांत लहान आणि अजून नोकरीत कायम न झालेली. मी मारिट हॉवलंड, माझा विषय संसदेतला विरोधी पक्ष, म्हणजे तो हळूहळू नाहीसा कसा होतो ते. त्यावर माझी दोन जाडजूड पुस्तकं आहेत. प्रत्यक्षात मी आयुष्यात कुणाला विरोध केल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे ताटात शेवटचा तुकडा उरला तर तो कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, मग अर्ध्याचा पाव, आणि शेवटी चिमूटभर चुरा तसाच वाळत पडतो. अशा मुलखात विरोधी पक्ष कुठून निपजणार?

आणि पाचवा विन्स्लो प्रूइट, आमचा संचालक. विन्स्लोचा सिद्धांत जगभर गाजलेला आहे. तो म्हणतो, बंदूक दाखवून लोकशाही मारण्याचे दिवस गेले. आता ती ‘फक्त या खेपेला’ एवढ्या तीन शब्दांनी मरते. नियम वाकवायचा, पण फक्त या खेपेला. निवडणूक पुढे ढकलायची, पण फक्त या खेपेला. हे तो इतक्या रंगून सांगतो की लोक घाबरायचं विसरून हसत सुटतात. माणूस सोन्यासारखा. माझी आई डलुथच्या इस्पितळात शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा दर शनिवारी बर्फातून गाडी हाकत मला तिकडे नेणारा हाच. मला भाऊ नाही. असता तरी तो विन्स्लोइतका चांगला निघाला असता असं मला वाटत नाही.

तर दर फेब्रुवारीत, खऱ्या देशांना लोकशाहीसाठी शंभरपैकी गुण द्यायच्या आधी, आम्ही एक तालीम करतो. प्रत्येकाची जीभ वेगळी. आल्विनचे साठ म्हणजे आर्डिसचे चाळीस. म्हणून आधी चार काल्पनिक देशांची वर्णनं वाचायची आणि गुण द्यायचे. कोण किती सढळ, कोण किती खाष्ट, ते त्यातून कळतं. नावामुळे मन कलू नये म्हणून त्या देशांना ‘पाय’ या इकडच्या, सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाची नावं देतात. सफरचंद देश, ब्लूबेरी देश, पिकान देश, भोपळा देश. आणि नुसत्या नावांवर भागत नाही, चारही पाय त्या दिवशी टेबलावर असतात.

यंदा देश लिहायची पाळी माझी होती. तीन भराभर लिहून झाले. एकात लष्कर होतं, एकात लाडावलेला जावई, एकात विकत घेतलेली वर्तमानपत्रं. चौथा काही केल्या सुचेना. रविवारी दुपारी कपडे वाळवायच्या यंत्रापाशी बसून जे डोक्यात आलं ते लिहून टाकलं, आणि खरं सांगते, आपल्या कल्पनाशक्तीचं मला भारी कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. भोपळा देश छोटा आणि सुशिक्षित आहे. घटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती. सध्याच्या राष्ट्राध्यक्षांची पाचवी चालू आहे. ते अतिशय लोकप्रिय आहेत. शेजारच्या साम्राज्याशी दर वेळी नाजूक बोलणी चालू असतात आणि ती त्यांनाच जमतात, म्हणून मुदत वाढवली जाते. मतदान टाळ्या वाजवून होतं. विरोधाला बंदी नाही, पण कुणी केल्याचं ऐकिवात नाही. नागरिकांना विचारलं तर ते सांगतात, आम्ही सुखी आहोत.

आल्विननं अडतीस गुण दिले. आर्डिसनं तीस. विन्स्लोनं एकोणीस दिले आणि पायचा दुसरा तुकडा ताटलीत ओढून घेत वर व्याख्यान दिलं. म्हणाला, ही सगळ्यांत घातक जात. इथे हुकूमशहालाच ठाऊक नसतं की आपण हुकूमशहा आहोत. आणि त्याहून चीड येते ती या नागरिकांची. शिकलेसवरलेले लोक, आणि टाळ्या कसल्या वाजवतात?

नोएमीनं अजून आकडा लिहिला नव्हता. पेन्सिल चावत ती माझ्याकडे बघत होती.

“मारिट,” ती म्हणाली, “शेजारचं साम्राज्य म्हणजे आपले डीनसाहेब ना?”

मी “नाही गं” म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. केंद्राच्या नियमाप्रमाणे संचालकाला दोन मुदती, आणि विन्स्लोची पाचवी चालू होती. दर वेळी डीनशी अंदाजपत्रकाची बोलणी ऐन भरात असत आणि ती त्यालाच जमत. दर वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आईची शपथ, मी मुद्दाम केलं नव्हतं. जगाच्या एकशे सत्तर देशांवर दुर्बीण लावून बसलेल्या आम्हा पाच शहाण्यांच्या दिव्याखाली इतका अंधार होता, आणि तो मला स्वतःलाही दिसला नव्हता.

आधी आर्डिस फुटली. भोपळ्याचा घास तिच्या नाकात गेला. मग आल्विन, मग मी. आम्ही टेबलावर डोकी टेकून हसलो. नोएमी रुमाल शोधत सुटली. विन्स्लो एकटा काटा हवेत धरून बसला होता.

“एकोणीस,” तो म्हणाला. “मी मला एकोणीस दिले.”

आणि मग तोही हसायला लागला, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. मला वाटलं, चला, विषय संपला.

विषय संपला नव्हता. पुढच्या बैठकीला तो गळ्याला टाय बांधून आला. निवडणूक घ्यायची, गुप्त मतदानानं, आणि उमेदवार किमान दोन हवेत, एकट्यानं निवडून येणं त्याला मान्य नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळे खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघू लागले. शेवटचा तुकडा कोण उचलणार? आल्विन पुढचं वर्ष रजेवर जाणार होता. आर्डिसनं सुचवलं की अथेन्ससारखं पांढऱ्या-काळ्या घेवड्याच्या दाण्यांनी सोडत काढू, मात्र तिचं स्वतःचं नाव त्यात नको. नोएमी म्हणाली, मी उभी राहून पडले तर बेकार होईन आणि निवडून आले तर त्याहून लवकर होईन.

मत कसं नोंदवायचं यावरच तीन बैठका गेल्या. मतदार पाच, आल्विनच्या पद्धती सहा. त्यातल्या दोन पद्धतींनी तर जो उभाच नाही तो निवडून येत होता. आल्विनला त्याचं फार अप्रूप, फळ्यावर लिहून लिहून दाखवी. अखेर चिठ्ठ्या लिहून सुपाच्या रिकाम्या पातेल्यात टाकायच्या, असं ठरलं. हे सुचवलं आमच्या पाचांपैकी कुणी नाही, खोलीत खुर्च्या मागायला आलेल्या एका नाटकवाल्या विद्यार्थिनीनं.

उमेदवार मात्र मिळेना. शेवटी विन्स्लो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

“मारिट, तू उभी राहा,” तो म्हणाला. “हरायचंच आहे. फक्त जरा ऐटीत हर.”

खोट्या विरोधी पक्षांवर दोन पुस्तकं लिहिलेली बाई मी. सरकारनंच उभे केलेले, हरण्याच्या अटीवर लढणारे पक्ष कसे ओळखावेत, याच्या खुणा मी विद्यार्थ्यांकडून घोकून घेते. मी म्हटलं, बरं. वर असंही म्हटलं की माझं मतसुद्धा तुलाच. त्याचं मन मला मोडवेना.

जाहीर चर्चा हवी हा हट्टही त्याचाच. श्रोते तीन, म्हणजे उरलेले तिघे, आणि मध्ये जंगली तांदळाच्या सुपाचं पातेलं. विन्स्लोला वीस मिनिटं दिली होती, त्यानं चाळीस घेतली आणि ती छान घेतली. मग माझी पाळी आली. मी दोन गोड वाक्यं बोलून बसणार होते. तेवढ्यात नोएमीनं विचारलं की तुम्ही निवडून आलात तर काय वेगळं कराल. मी कसलीही तयारी केलेली नव्हती, आणि बहुधा म्हणूनच तोंडातून खरं निघालं.

“पहिलं म्हणजे, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईन.”

“मारिट, मी कधी...” विन्स्लो म्हणाला.

“हे बघा,” मी म्हटलं.

तिघांचे चमचे थांबले. मला थांबता येईना. मी म्हटलं, नोएमीचं कायम होण्याचं प्रकरण दोन वर्षं पडून आहे, कारण डीनकडे एकटा तू जातोस आणि तिथे तुझ्याच पुस्तकाच्या गप्पा रंगतात. आल्विननं वर्षापूर्वी काढलेली गुणांतली चूक अजून सुधारलेली नाही, कारण ती तू केलेली आहेस आणि सांगायची कुणाची छाती नाही. आम्ही तुला घाबरत नाही विन्स्लो, आमचा तुझ्यावर जीव आहे, आणि ते जास्त वाईट आहे. भित्र्या माणसाला निदान रात्री स्वतःची लाज तरी वाटते. आम्ही आपले टाळ्या वाजवून सुखानं झोपतो.

काय सांगू, न पिताच चढली मला. इतक्या वर्षांचं साठलेलं सौजन्य धबधब्यासारखं बाहेर पडत होतं आणि कान गरम झाले होते. आर्डिसनं टेबलावर मूठ आपटली. आल्विन माझी वाक्यं लिहून घेत होता, तेही आनंदानं. घरी जाताना मी गाडीत गाणं म्हटलं. घराच्या दारात पोचले आणि गाणं तोंडातच राहिलं. मी हे काय करून बसले?

विन्स्लो रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन माझ्या दारात टेकायचा आणि वर्तमानपत्रातलं एखादं येडपट वाक्य वाचून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं, आणि ते दार बंद करता येतं हेच आम्हाला आजवर ठाऊक नव्हतं. तिघं जण मला येताजाता डोळे मिचकावत होते. मला त्यांच्यावर वस्सकन ओरडावंसं वाटायचं. मला संचालकपद नको होतं. मला विन्स्लो हवा होता, आणि तो माझ्याच जिभेनं मी घालवला होता.

मतदान शुक्रवारी झालं. मी शब्द दिल्याप्रमाणे चिठ्ठीवर विन्स्लोचं नाव लिहिलं. वाटलं, जिंकला की निवळेल. आल्विननं पातेलं उपडं केलं. चिठ्ठ्या पाचच, पण त्यानं त्या दोनदा मोजल्या, कारण इतकी मजा त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. तीन मतं मला, दोन विन्स्लोला.

विन्स्लो उठला, माझा हात हातात घेतला, अभिनंदन केलं आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. सगळं अगदी पुस्तकात लिहितात तसं. मग तो वळता वळता थांबला.

“दोन मतं,” तो म्हणाला. “एक माझं. दुसरं कुणाचं?”

तिघांनी चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या. पण माझे कान लाल होऊन मला नेहमीच दगा देतात.

“तू?”

“मी शब्द दिला होता ना तुला.”

विन्स्लोनं कोटाची एक बाही चढवली होती, दुसरी तशीच लोंबत होती. “हरल्याचं मला काही नाही, मारिट,” तो म्हणाला. “पण आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. का? तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं भांडलं. मी खोलीत बसून तुझ्या एकेका मुद्द्याला उत्तर शोधत होतो. आणि ते पण नाटकच होतं?”

“भांडण खरं होतं,” मी म्हटलं. “मत खोटं होतं.”

पण तोवर तो जिन्यावर पोचला होता.

पुढच्या आठवड्यात तो केंद्रात फिरकला नाही. फोन केला तर त्याची बायको म्हणे, गॅरेजमध्ये आहे, ठोकाठोक चालू आहे, विचारू नकोस. मी संचालक झाले होते. डीनना भेटून नोएमीचा विषय काढला, तर ते म्हणाले, अरेच्चा, हे मला आजवर कुणी बोललंच नाही. आल्विनची दुरुस्ती करून टाकली. एरवी मी हवेत तरंगले असते. पण सकाळी दारात कुणी टेकायला येत नव्हतं, आणि येडपट वाक्यं तर त्या आठवड्यात वर्तमानपत्रात नुसती ओसंडून वाहत होती.

तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली. माझ्या अध्यक्षतेखालची पहिली बैठक होती. मी ठराव आणला, शनिवार-रविवार बसून लिहिलेला, लिहिताना दोनदा डोळे पुसलेले. विन्स्लो प्रूइट यांच्या सेवेची कदर म्हणून त्यांना केंद्राचे मानद आजीव संचालक करावं. संचालकाची तळ्याकडची खोली त्यांच्याकडे तहहयात राहावी. प्रत्येक निर्णयात त्यांचा शब्द अखेरचा असावा, आणि या पदासाठी कधीही निवडणूक होऊ नये.

मी वाचून दाखवला. आर्डिसनं रुमाल काढला. आल्विन म्हणाला, किती सुंदर. नोएमीसुद्धा म्हणाली, बिचाऱ्याला बरं वाटेल. कुणाच्याही मनात काही आलं नाही. आमचे हात टाळीसाठी वर गेले होते, एवढ्यात दार उघडलं.

बुटांना बर्फ, बोटाला पट्टी, अशा अवतारात विन्स्लो आत आला आणि टेबलाच्या टोकाला, नवीन माणसाला बसवतात त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसला. काय चाललंय म्हणाला. मी ठराव पुन्हा वाचला, या वेळी त्याच्याकडे बघत. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एक अक्षर नाही. मग त्यानं बोलायची परवानगी मागण्यासाठी हात वर केला. विन्स्लोनं हात वर केलेला आम्ही कधी पाहिला नव्हता, त्यामुळे क्षणभर मला कळेचना की त्याला काय हवं आहे.

“अध्यक्षबाई, माझा या ठरावाला विरोध आहे,” तो म्हणाला.

आणि सुरू झाला. तहहयात. निवडणुकीशिवाय. शब्द अखेरचा. मांडणार कोण, तर विरोधी पक्षाच्या जागतिक कीर्तीच्या तज्ज्ञ. अनुमोदन कुणाचं, तर अथेन्सवाल्यांचं. त्यानं माझ्या पुस्तकातले उतारे पाठ म्हणून दाखवले आणि त्या उताऱ्यांनीच मला धू धू धुतलं. मी तापले. मीही उठून उभी राहिले. म्हटलं, गाढवा, हे तुझ्या मानासाठी आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर विरोध आहे, अपमानासाठी असतं तर विचार केला असता. मी म्हटलं, मग दुरुस्ती सुचव, नुसता मोडता काय घालतोस. तो म्हणाला, दुरुस्ती एकच, ठराव फाडा. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून कचाकचा भांडत होतो आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की हा माणूस आनंदानं नुसता फुलला आहे. आणि मीसुद्धा. मला इतकं हलकं वाटत होतं की टेबलावर चढून नाचावं.

मी ठराव मताला टाकला. बाजूनं एकही हात वर आला नाही. विरुद्ध कोण, असं विचारल्यावर आधी विन्स्लोचा हात वर गेला, मग नोएमीचा, आल्विनचा, आणि रुमालासकट आर्डिसचा. मग मी माझा हात वर केला. माझ्या कारकिर्दीतला पहिला ठराव माझ्याच मतानं पडला.

विन्स्लो माझ्या हाताकडे डोळे बारीक करून बघत होता.

“हे खरं आहे,” त्यानं विचारलं, “की याचाही कुणाला शब्द दिला होतास?”

“खरं आहे,” मी म्हटलं. आणि हात तसाच वर ठेवला.

त्यानं मान हलवली आणि पुढचा विषय काय ते विचारलं. पुढचा विषय नव्या कॉफी यंत्राचा होता. त्यालाही त्याचा विरोध होता.